तुरुंगातला यशस्वी योसेफ : किशोरवयीन मुलामुलींना विश्वास, चारित्र्य आणि यश कसे शिकवावे

बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या ३९ व्या अध्यायातील एक गोष्ट घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटून जाते. १७ वर्षांच्या योसेफाला त्याच्या भावांनी चांदीच्या २० नाण्यांना विकलेले आहे, तो परक्या देशात, मिसरात, पोटीफर या अधिकाऱ्याच्या घरी गुलाम म्हणून राबतो आहे, आणि नेमके तेथेच, अध्यायाच्या दुसऱ्या वचनात, परमेश्वर त्याच्याबरोबर असल्यामुळे तो यशस्वी झाला असे शास्त्र सांगते. पुढे खोट्या आळावरून तो तुरुंगात जातो, आणि अध्यायाच्या शेवटच्या, २३ व्या वचनात पुन्हा तेच सांगितले जाते. मिसरचा राजा फारो याच्या दरबारातील अधिकार त्याला मिळतो तो ४१ व्या अध्यायात, वयाच्या ३० व्या वर्षी. ज्याला आपण शब्बाथ शाळेत सर्रास 'योसेफाचे यश' म्हणतो, ते येण्याच्या कितीतरी आधी शास्त्राने त्याला यशस्वी म्हणून टाकलेले आहे.

किशोरवयीन मुलांना ख्रिस्ती विश्वास शिकवणाऱ्या आईवडिलांनी, शिक्षकांनी आणि तरुण संघाच्या पुढाऱ्यांनी या अध्यायापासून सुरुवात करावी असे मला वाटते. 'देवावर विश्वास ठेव, म्हणजे पहिला येशील' हे शिकवण्याची आपली सवय इतकी जुनी आहे की ती चुकीची आहे हेही आपल्या लक्षात येत नाही. असे शिकलेला मुलगा पहिला आला नाही, तर त्याच्यासमोर दोनच वाटा उरतात: एकतर आपला विश्वास कमी पडला असे समजायचे, नाहीतर देवाने फसवले असे समजायचे. पुढील पायऱ्या या दोन्ही वाटा टाळून कसे जाता येईल यासाठी आहेत.

पहिली पायरी : शिकवणाऱ्याने स्वतःची व्याख्या तपासावी

मुलांसमोर बसण्यापूर्वी दोन आठवडे एक साधे काम करावे. शाळेतून, परीक्षेहून किंवा सामन्याहून परतलेल्या मुलाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, तो रोज वहीत लिहून ठेवावा. 'किती गुण मिळाले', 'कितवा आलास', 'तिला किती मिळाले' हेच प्रश्न पानभर दिसले, तर घराची यशाची व्याख्या मुलाला आधीच पाठ झालेली आहे, आणि रविवारच्या तासाभराच्या पाठाने ती पुसली जाणार नाही. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याच्या जागा सांगितल्या आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. उपासनेच्या जागेचा त्या यादीत उल्लेखही नाही.

याचा अर्थ गुणांना किंमत नाही असा होत नाही. अभ्यास हे ऐहिक काम आणि प्रार्थना हे आत्मिक काम अशी फाळणी प्रेषित पौल करीत नाही. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असे तो कलस्सैकरांस लिहितो, आणि ते वचन मुळात दासांना उद्देशून आहे. आळशी विद्यार्थ्याला 'देव हृदय पाहतो' या वचनाआड लपू देऊ नये. बदलायचा आहे तो प्रश्नांचा क्रम. 'आज कोणते काम अवघड गेले आणि तू काय केलेस' हा प्रश्न आधी यावा, गुणांचा प्रश्न नंतर यावा, आणि काही दिवस तो आलाच नाही तरी बिघडत नाही.

दुसरी पायरी : प्रश्नांना जागा करून द्यावी

लूक येशूच्या किशोरवयातील एकच प्रसंग सांगतो. १२ वर्षांचा येशू तीन दिवसांनी मंदिरात सापडतो, तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारीत असतो. आपल्या वर्गांत मात्र बहुतेक प्रश्न शिक्षक विचारतो, त्यांची उत्तरे त्याला आधीच ठाऊक असतात, आणि 'येशू', 'प्रार्थना' किंवा 'बायबल' यांपैकी एक शब्द उच्चारला की उत्तर बरोबर ठरते. १४ वर्षांच्या मुलीला हा खेळ केव्हाच कळलेला असतो.

महिन्यातील एक भेट केवळ प्रश्नांसाठी ठेवावी. सर्वांना सारख्याच आकाराचे कागद द्यावेत, नाव न लिहिता प्रश्न लिहायला सांगावे आणि कोरा कागदही घडी करून डब्यात टाकायला सांगावा, म्हणजे कोणी लिहिले आणि कोणी नाही हे समजणार नाही. प्रश्न मोठ्याने वाचण्यापूर्वी शिक्षकाने ते एकदा चाळावेत, कारण एखाद्या कागदावर प्रश्नाऐवजी मदतीची हाक असू शकते. त्याविषयी पुढे लिहिले आहे. एका बैठकीत दोन किंवा तीनच प्रश्न घ्यावेत. ज्याचे उत्तर येत नाही त्याला 'मला ठाऊक नाही, पुढच्या भेटीपर्यंत वाचून येतो' असे म्हणावे आणि खरोखर वाचून यावे. वाचून न येणे हे उत्तर न येण्यापेक्षा अधिक नुकसान करते.

'प्रार्थना करूनही आजी का गेली', 'दुसऱ्या धर्माच्या माझ्या मैत्रिणीचे काय होणार', 'विज्ञानाच्या पुस्तकात वेगळे का लिहिले आहे' असे प्रश्न येतात, आणि त्यामागे बहुधा बंडखोरी नसून दुःख, मैत्री किंवा प्रामाणिकपणा असतो. शंका घेणे म्हणजे विश्वास सोडणे, हे समीकरण मुलांच्या मनातून काढण्यासाठी मार्क ९:२४ मधील बाप उपयोगी पडतो. माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला साहाय्य करा, या दोन्ही गोष्टी तो एका दमात बोलतो, आणि येशू त्याला परत न पाठवता त्याच्या मुलाला बरे करतो. येशू पुन्हा उठला यावर विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याचेही तसेच आहे. 'संशयी' हे बिरुद आपण त्याला लावले, पण त्याच्या आठ दिवसांच्या संशयात बाकीच्या शिष्यांनी त्याला घराबाहेर काढले नव्हते, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

तिसरी पायरी : सुवर्णवचन संदर्भासह शिकवावे

पाठांतर चांगलेच आहे, परंतु संदर्भातून तोडलेले वचन किशोरवयात उलटते. भिंतीवर आणि मोबाइलच्या पडद्यावर सर्वाधिक दिसणाऱ्या वचनांपैकी दोन वचने मुलांसोबत मुळातून वाचावीत.

पहिले यिर्मया २९:११. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, हे वचन परीक्षेच्या आदल्या रात्री पाठवले जाते. मुलांना संपूर्ण अध्याय वाचायला द्यावा आणि दोनच गोष्टी शोधायला सांगाव्यात: हे पत्र कोणाला लिहिले आहे, आणि आशा पूर्ण व्हायला किती काळ लागणार आहे. पत्र बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना आहे आणि दहाव्या वचनात ७० वर्षांचा अवधी सांगितला आहे. ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकले त्यांतील प्रौढ माणसे परतीचा दिवस पाहायला बहुधा जिवंत राहणार नव्हती. तरीही त्यांना घरे बांधायला, मळे लावायला आणि ज्या नगरात ते बंदिवान होते त्याच्या हितासाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. मुलांनी हे स्वतः शोधले की वर्गात थोडी शांतता पसरते. ती शांतता लगेच भरून काढू नये.

दुसरे फिलिप्पै ४:१३. मला सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्व काही करू शकतो, हे वाक्य खेळाडूंच्या तोंडी फार असते. त्याच्या आधीच्या वचनात पौल तृप्त असणे आणि भुकेला असणे, विपुलता आणि टंचाई, या सर्व अवस्थांत राहायला आपण शिकलो आहोत असे सांगतो, आणि हे पत्र तो बंधनात असताना लिहितो. येथील 'सर्व काही' म्हणजे सर्व सामने जिंकणे नव्हे. सामना हरल्यानंतरच्या संध्याकाळी तुटून न जाणेही त्यात येते. संघात निवड न झालेल्या मुलाला पदकाच्या आश्वासनापेक्षा हा अर्थ अधिक आधार देतो.

चौथी पायरी : योसेफाची कथा चार भेटींत, सावकाश

ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी असल्याने तिचा तपशील देतो. प्रत्येक भेट सुमारे एक तासाची धरावी आणि मुलांची संख्या आठ ते बारांच्या वर जाऊ देऊ नये. जास्त असल्यास दोन गट करावेत.

पहिल्या भेटीत ३७ वा अध्याय वाचावा आणि योसेफाला लगेच आदर्श बनवू नये. तो भावांच्या कागाळ्या बापाकडे करणारा, स्वतःची स्वप्ने भावांना ऐकवणारा आणि बापाचा लाडका मुलगा आहे. घरात झुकते माप मिळाल्याने किंवा न मिळाल्याने काय होते, यावर मुलांना बोलू द्यावे. बहीणभावांतील तुलनेचा अनुभव जवळजवळ प्रत्येकाला असतो.

दुसऱ्या भेटीत ३९ वा अध्याय घ्यावा. मुलांनी वहीत दोन रकाने आखावेत: एकात योसेफाने काय गमावले, दुसऱ्यात त्याच्यापाशी काय राहिले. पहिला रकाना भराभर भरतो. दुसऱ्यासाठी थांबावे लागते, आणि हळूहळू कामातील विश्वासूपणा, धन्याचा भरवसा, देवाचे सान्निध्य अशी उत्तरे येऊ लागतात. पोटीफराच्या बायकोचा प्रसंग लाजून वगळू नये. योसेफ तिला जे उत्तर देतो त्यात धन्याने टाकलेला विश्वास आणि देवाविरुद्धचे पाप, अशी दोन्ही कारणे आहेत. पकडले जाण्याची भीती त्यात नाही. शिवाय तो तेथे चर्चा करीत उभा राहत नाही, वस्त्र टाकून पळतो. मोह टाळण्यासाठी पळणे हा भित्रेपणा नाही, ही गोष्ट मोबाइल हाताशी घेऊन एकटे बसणाऱ्या पिढीला स्पष्ट शब्दांत सांगावी लागते. योग्य वागूनही योसेफाला शिक्षाच झाली, हे मात्र अजिबात गुळमुळीत करू नये.

तिसऱ्या भेटीचा विषय थांबणे हा आहे. ४० व्या अध्यायाच्या शेवटी, तुरुंगात योसेफाने ज्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला तो फारोचा प्यालेबरदार योसेफाला विसरतो आणि ४१ व्या अध्यायाच्या आरंभी पूर्ण दोन वर्षे गेलेली असतात. त्या दोन वर्षांविषयी शास्त्र एक ओळही सांगत नाही. त्या काळातील एका सामान्य दिवसाचे पान मुलांना योसेफाच्या रोजनिशीत लिहायला सांगावे. कोणाचे पान चिडलेले असेल तर तेही तसेच वाचू द्यावे. स्तोत्रांतही चिडलेली पाने आहेत, आणि १३ व्या स्तोत्राचा आरंभच 'कोठवर' या आक्रोशाने होतो.

चौथ्या भेटीत ४५ आणि ५० हे अध्याय घ्यावेत. योसेफाच्या हाती आता सूड घेण्याइतका अधिकार आहे. तो अधिकार तो कसा वापरतो, हीच त्याच्या चारित्र्याची खरी परीक्षा आहे, आणि माझ्या मते तुरुंगापेक्षा ही परीक्षा कठीण होती. तुलनेसाठी शलमोन राजाचा उल्लेख थोडक्यात करता येईल: त्याने देवाजवळ धनाऐवजी ज्ञान मागितले, त्याला दोन्ही मिळाले, आणि तरीही १ राजे ११ मध्ये उतारवयात त्याचे मन देवापासून फिरलेले दिसते. संकटात टिकणे आणि भरभराटीत टिकणे ही दोन वेगवेगळी कौशल्ये आहेत.

पाचवी पायरी : चारित्र्य कामातून घडवावे

पवित्र आत्म्याच्या फळाचे नऊ पैलू गलतीकरांस पत्रात एकापाठोपाठ सांगितले आहेत, आणि ते नऊ आठवड्यांत 'पूर्ण' करण्याचा मोह शिक्षकाला होतो. तो टाळावा. फळ पिकायला वेळ लागतो, आणि प्रामाणिकपणावरचे व्याख्यान ऐकून कोणी प्रामाणिक होत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला असे एक काम द्यावे, जे बिघडले तर कोणाला तरी खरोखर त्रास होईल: अर्पणाच्या मोजणीला मोठ्यांसोबत बसणे आणि नोंद ठेवणे, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे दर आठवड्याला ठरलेल्या वेळी जाणे, लहान मुलांच्या वर्गाला गोष्ट सांगणे, ध्वनियंत्रणा सांभाळणे. काम तीन महिने त्याच मुलाकडे ठेवावे. थोड्यात विश्वासू असलेला पुष्कळातही विश्वासू असतो, हे लूक १६:१० चे वचन अशा कामानंतर वेगळेच ऐकू येते.

नकार देण्याचाही सराव करून घ्यावा. दानीएल पहिल्या अध्यायात राजाच्या अन्नाने विटाळायचे नाही असा निश्चय आधी मनात करतो, मग अधिकाऱ्याला नम्रतेने विनंती करतो, आणि दहा दिवस पारखून पाहा असा व्यवहार्य पर्यायही सुचवतो. निश्चय, नम्रता आणि पर्याय हे तीनही टप्पे वर्गात प्रत्यक्ष वठवून घ्यावेत. मित्र परीक्षेत कागद मागतो आहे, गटात कोणाचे तरी छायाचित्र पुढे पाठवायला सांगितले जात आहे, असे प्रसंग घ्यावेत आणि मुलांना स्वतःच्या भाषेत, उपदेश न करता, नकार द्यायला लावावे. पहिल्या खेपेला सगळे हसतात. तिसऱ्या खेपेला शब्द सापडतात.

तुलनेचे विष उतरवण्यासाठी मत्तय २५ मधील, मालकाने चाकरांकडे सोपवलेल्या धनाचा दाखला घ्यावा, आणि २१ वे व २३ वे वचन शेजारी शेजारी ठेवून वाचावे. पाच वाटे मिळवणाऱ्याला आणि दोन वाटे मिळवणाऱ्याला मालकाने दिलेली शाबासकी शब्दशः तीच आहे. हे मुलांना सांगू नये. त्यांनाच शोधू द्यावे.

एक चरित्र, पदकाच्या पुढचे

एरिक लिडेल या धावपटूची कथा ख्रिस्ती वर्गांत पुष्कळदा सांगितली जाते, पण ती अर्ध्यावर सोडली जाते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी असल्याने त्याने ती सोडली आणि ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. येथेच थांबलो, तर पुन्हा तोच संदेश जातो की देवाला मान दिला की पदक मिळते. पुढच्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला, दुसऱ्या महायुद्धात वेइशियन येथील जपानी नजरकैदेच्या छावणीत अडकला, आणि तेथे किशोरवयीन मुलांना शिकवणे व त्यांचे खेळ घेणे हे काम करीत राहिला. रविवारी न धावणाऱ्या याच माणसाने, छावणीतील मुले रविवारी खेळताना भांडू लागली तेव्हा पंच म्हणून उभे राहण्याचे कबूल केले. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, मेंदूतील गाठीने त्याचा मृत्यू झाला. छावणी मुक्त व्हायला तेव्हा सहा महिने उरले होते. ही संपूर्ण कथा सांगून मुलांना विचारावे की त्याचे यश कोणत्या वर्षी झाले. उत्तरांवर मतभेद होऊ द्यावेत.

सहावी पायरी : चूक कबूल झाल्यावर काय करावे

वर्षभरात एखादे मूल खोटे बोलेल, कॉपी करताना सापडेल किंवा त्याहून गंभीर काही सांगेल. तेव्हा आपण काय करतो, यावर आधीचे सर्व पाठ तोलले जातात. पेत्र या शिष्याने येशूला तीनदा नाकारले आणि योहान २१ मध्ये येशूने त्याला तीनदा प्रीतीविषयी विचारून तीनदा काम सोपवले. क्षमा आणि जबाबदारी तेथे एकत्रच येतात. चुकीचा परिणाम मुलाला भोगू द्यावा, शाळेत जाऊन त्याच्या वतीने सारवासारव करू नये, पण त्या दिवशी त्याच्यासोबत जावे. मार्क उपनावाचा योहान पौल व बर्णबा यांच्या प्रचारदौऱ्यातून, पंफुल्यातून, अर्ध्यावर परत गेला आणि त्याच्यावरून पुढे त्या दोघांचे बिनसले. तोच मार्क सेवेसाठी उपयोगी आहे असे पौल २ तीमथ्य ४:११ मध्ये लिहितो. दरम्यान कोणीतरी, म्हणजे बर्णबाने, त्याला बरोबर घेतले होते.

येथे एक कडक सूचना आवश्यक आहे. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन मुलाला कधीही देऊ नये. शारीरिक किंवा लैंगिक छळ, स्वतःला इजा करण्याचे विचार किंवा घरातील हिंसा यांविषयी कळल्यास मुलाचे शांतपणे ऐकावे, त्याने सांगितले हे बरे केले असे म्हणावे, आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला व कायद्याने नेमून दिलेल्या यंत्रणेला कळवावे. मंडळीची अब्रू हा त्यात विचारात घेण्याचा मुद्दाच नाही. दीर्घकाळच्या उदासीनतेला विश्वासाची उणीव ठरवू नये. प्रार्थना करावी आणि डॉक्टरांकडेही न्यावे. मोठ्यांपैकी कोणीही मुलासोबत बंद खोलीत एकटे बसू नये, हा नियम पाळकांपासून सर्वांना सारखा असावा.

सातवी पायरी : हळूहळू बाजूला व्हावे

बालक शमुवेलाला देवाची हाक आली तेव्हा तो तीनदा याजक एलीकडे धावला. एली फार चांगला बाप ठरला नव्हता, तरी तिसऱ्या खेपेला त्याने एक गोष्ट अचूक केली: मुलाच्या वतीने देवाशी न बोलता, उत्तर कसे द्यावे तेवढे सांगून त्याला परत पाठवले. सोळा सतरा वर्षांच्या मुलांकडे पाठ घेण्याचे, प्रार्थना चालवण्याचे आणि अर्थसंकल्पासह एखादा उपक्रम पार पाडण्याचे काम द्यावे, आणि तो आपल्यापेक्षा कमी नीटनेटका झाला तरी मध्ये पडू नये. प्रत्येक मुलाला आईवडिलांखेरीज निदान दोन प्रौढ विश्वासणारे नावाने ओळखत असतील, अशी व्यवस्था करावी. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाचा माग पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापर्यंत काढतो, पण त्याला पुढे पौलही लागला.

उपस्थितीचे आकडे ठेवावेत, पण त्यांवरून फार काही ठरवू नये. त्याऐवजी सहा महिन्यांनी स्वतःला विचारावे: या काळात कोणत्या मुलाने आपणहून क्षमा मागितली, कोणी नवा प्रश्न आणला, कोणाचे काम न सांगता झाले?

एखादे मूल येणे थांबवील. 'रविवारी दिसला नाहीस' असा निरोप त्याला पाठवू नये, कारण त्यात हजेरीचा सूर येतो. त्याच्या परीक्षेविषयी, सामन्याविषयी किंवा आजारी आजोबांविषयी विचारावे, उत्तर आले नाही तरी महिन्याभराने पुन्हा विचारावे, आणि त्याच्याकडे असलेले काम दुसऱ्याला देताना ते तात्पुरते दिले आहे असे सर्वांसमोर सांगावे.